अंगठ्यावरचा डाग

५ जानेवारी

दादा,

नमस्कार घे. मनापासून केला आहे. पुढचं वाचून परत करावासा वाटला तर कर.

कॅलेंडर मिळालं. कागद चांगला, छपाई चांगली, तारखा माझ्यासारख्या चष्मेवाल्या बाईलाही लांबून दिसतील एवढ्या ठळक. तुझ्या साबणाच्या वड्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बसवल्या आहेत, त्याही मी पोटात घातल्या. शेवटी कॅलेंडर साबणाचं आहे. पण दादा, अंगठ्यावरचा डाग कुठे गेला?

आईच्या उजव्या अंगठ्यावर, नखाच्या जरा खाली, भाजल्याचा डाग होता. शर्टाच्या बटणाएवढा, कडेला फिकट, मधे तपकिरी. लहानपणी आगाऊपणा करून आपणच तापलेल्या इस्त्रीवर अंगठा टेकवला, असं ती हसत सांगायची. तुम्ही सगळे तिला माई म्हणायचात. तुलाही तो आठवत असेल, तुझ्या तापात त्याच हातानं तिनं तुझं डोकं चेपलं आहे. मी बाराही चित्रांत तो काढला होता. कपडा पिळणारे हात, सुईत दोरा ओवणारे, चष्म्याची काच पुसणारे, चादरीची घडी घालणारे, सगळीकडे. कॅलेंडरात एकाही पानावर नाही. हात कसे, तर दुकानातल्या बाहुलीला लावतात तसे गुळगुळीत. पहिलं पान उघडलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. छापखान्यात कुणी हा शहाणपणा केला ते विचार एकदा.

आता खरं काम. छपाई झाली, तेव्हा मूळ चित्रं परत पाठव. मी पाठवली होती त्याच लाकडी पेटीत, प्रत्येकावर पातळ कागद घालून, आडवी. गुंडाळायची नाहीत. आईला जाऊन पाच महिने होतील. फोटो म्हटलं की ती तोंड फिरवायची नाहीतर काहीतरी काम काढून आत जायची. माझ्याकडे तिचे दोनच फोटो आहेत, आणि दोन्हींत हात पाठीमागे आहेत. ही बारा चित्रं सोडली तर तिचं माझ्याकडे काही नाही. खिडकीसमोरची भिंत मी त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवली आहे.

तुझ्या आईला, आपल्या सगळ्यांच्या अक्काला, नमस्कार सांग. धाकटी बहीण आधी गेली म्हणून ती स्वतःवरच रागावून बसली आहे असं वहिनी फोनवर म्हणाल्या. तिला म्हणावं, निदान वेळेवर जेव.

तुझी,
चिमी


१८ जानेवारी

चिमे,

अनेक आशीर्वाद आणि सोबत साबणाचा एक खोका. लिंबाचा नवा वास आहे, अजून बाजारात यायचाय. पहिला खोका तुला.

कॅलेंडरनं यंदा नुसती धमाल उडवली आहे. एजंट लोक सांगतात, दुकानातून गिऱ्हाइकं मागून नेतात. आतापर्यंत आपण सिनेमातल्यासारखे चेहरे छापायचो, ते घरोघर कपाटाच्या आतल्या बाजूला लागायचे. हात मात्र लोकांनी बाहेरच्या खोलीत लावले. मी ज्याला त्याला सांगतो, माझी मावसबहीण आहे, लहानपणी माझ्या वह्यांवर चित्रं काढून ठेवायची म्हणून मार खायची. माझीच कॉलर ताठ होते बघ.

डागाचं म्हणशील तर तो मीच काढायला लावला. रागावू नकोस, जरा माझ्या जागी बसून बघ. साबणाच्या कॅलेंडरवर डाग? लोक म्हणतील, ह्यांच्या साबणानं एवढासा डाग जाईना. आमचा लेबलवाला म्हातारा तुला माहीत आहे, चाळीस वर्षं कारखान्याची लेबलं रंगवतोय. त्यानं एका दुपारीत बाराही साफ करून दिली.

मूळ चित्रांचं मात्र तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. ती आता कारखान्याची झाली गं. वडीचा साचा कारागीर करून देतो, आपले पैसे घेतो नि जातो. वर्षानं येऊन साचा परत द्या असं कुणी म्हणत नाही. लेबलांचंही तेच. कारखान्यानं करून घेतलं ते कारखान्याचं. आणि चित्रं काही कुठे धूळ खात पडलेली नाहीत, सगळी मानानं लागली आहेत. तू निश्चिंत राहा.

माईची आठवण म्हणून हवं असेल तर कॅलेंडरची बारा पानं चांगल्या फ्रेममध्ये बसवून पाठवतो. खर्च अर्थात माझा.

अक्का बरी आहे. बोलते कमी, खिडकीपाशी बसून असते.

तुझा,
दादा


२७ जानेवारी

दादा,

तुझा साबण मी कपाटात ठेवला होता. लिंबाचा म्हणतोस, पण त्या लिंबाला कुणीतरी औषधाच्या बाटलीत बुडवून मारलेलं असावं. दोन दिवसांत कपड्यांना तो वास, कागदांना तो वास, काल चहाच्या कपातून आला. मळमळायला लागलं तेव्हा खोका जिन्याखाली ठेवून आले. झाडणाऱ्या बाईला विचारलं, तिनंही नाक मुरडलं.

साच्याची गोष्ट वाचली. आता माझ्या धंद्याची ऐक. आम्ही चित्र छापायला देतो, देऊन टाकत नाही. वनस्पतींच्या पुस्तकासाठी मी तीनशे पानंफुलं काढली. डॉक्टरांच्या पुस्तकासाठी माणसाची आतडी काढली, सगळ्या वळणांसकट. छापून झालं की पेटी परत येते, मी पोच देते, विषय संपतो. मागावी लागत नाही. आतडीसुद्धा परत आली, दादा. कुणी ती मानानं लावली नाहीत.

हे तुला आधी का सांगितलं नाही म्हणशील, तर कुणालाच सांगावं लागत नाही म्हणून. आणि लिहून का घेतलं नाही, ते तुला आठवत असेल. मी तुझ्या टेबलावर कराराचा कागद ठेवला तेव्हा तू हसलास, त्याची घडी घातलीस आणि माझ्याच पिशवीत परत टाकलीस. म्हणालास, "घरच्या माणसांत कसलं लिहून घ्यायचं?" आणि मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची आता मला चीड येते. कागद अजून पिशवीत आहे. त्यावरचं चौथं कलम एवढंच आहे की मूळ चित्र चित्रकाराकडे राहील. तू वाचलं असतंस तर तेव्हाच भांडलो असतो आणि आज दोघंही सुटलो असतो.

आता दोन प्रश्न. एक, त्या म्हाताऱ्यानं "साफ केली" म्हणजे कशावर केली? छपाईच्या फिल्मवर की माझ्या कागदावर? आणि दोन, बारा चित्रं कुठे कुठे लागली, ते एकाखाली एक लिहून पाठव. मान वगैरे राहू दे, नुसता पत्ता पुरे.

चिमी


९ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र जेवताना उघडलं, जेवण गेलं. घरच्या माणसाला कुणी असं लिहितं? पोस्टातून नोटीस आल्यासारखं वाटलं. आणि साबण जिन्याखाली ठेवलास ते ठेवलास, पण लिहायची काय गरज होती?

विचारतेस तर सांगतो, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

लेबलवाल्यानं तुझ्या कागदावरच केलं. मग दुसरीकडे कशावर करणार? आमच्याकडे तशीच पद्धत आहे. लेबलात काही बदलायचं झालं की तो मूळ लेबलावर पांढरा रंग लावतो, वर नवीन रंगवतो, आणि ते झालं नवीन मूळ. चाळीस वर्षं एकच लेबल आहे आमचं, त्याच्यावर बावीस थर आहेत. जाड पुठ्ठ्यासारखं झालंय. आम्ही कौतुकानं पाहुण्यांना दाखवतो.

चित्रांचे पत्ते असे. एक कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत आहे. सहा चित्रं वार्षिक मेळाव्यात सगळ्यात जास्त विक्री केलेल्या सहा एजंटांना दिली, खाली पितळी पट्टीवर प्रत्येकाचं नाव कोरून. स्टेजवर बोलावून दिली, टाळ्या पडल्या. राहिलेली पाच माझ्या घरी आहेत. आपण वरचं बाथरूम नवीन केलंय, तुझ्या वहिनीनं पार हॉटेलसारखं करून घेतलंय, तिथं लावली आहेत. पाण्याचं नि हातांचं नातं आहे, त्यामुळे शोभतात. येणारे विचारतात, कुठून आणली.

आता ह्यात अपमान कुठे झाला ते मला सांग. तू रोज चित्रं काढतेस, अजून शंभर काढशील. एजंट मात्र हातचे गेले की परत येत नाहीत. दिलेली वस्तू मी परत मागू शकत नाही. तो विषय आता वाढवू नकोस.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

तू पत्ते दिलेस, मी बघून आले.

आधी आमच्या इथल्या एजंटाच्या दुकानात गेले. चित्र गल्ल्याच्या वर टांगलं आहे, सुईत दोरा ओवणारे हात. तेच चित्र आहे हे ओळखायला मला वेळ लागला. नखं लाल आहेत, दादा. दहाच्या दहा, पाटी रंगवायच्या रंगानं, घट्ट लाल, आणि एका बोटात खड्याची अंगठी. एजंट स्वतः सांगत होता, माझी ओळख न विचारता: हे मूळचं आहे ताई, छापील नाही, साहेबांनी स्वतः दिलंय. नखांचं विचारलं तर म्हणाला, बायकोला ते हात बाईचे वाटत नव्हते, म्हणून समोरच्या पाटीवाल्याकडून जरा सजवून घेतले. चित्र त्याच्या नव्या फ्रेमपेक्षा मोठं होतं म्हणून खालून चार बोटांएवढं कापलं, तेही त्यानं कौतुकानं सांगितलं. कापलं तिथे आईची मनगटं होती. वर मला दोन वड्या घ्यायचा आग्रह केला. मी बाहेर येऊन गटाराच्या कडेला उभी राहिले आणि पोटातलं सगळं तिथेच बाहेर आलं. हे लिहायची काय गरज म्हणशील. गरज आहे.

तिथून बस धरून तुझ्या घरी गेले. तू गावाला गेलेला होतास ते माहीत असूनच गेले. वहिनींनी चांगलं हसून आत घेतलं, बाथरूम दाखवायला स्वतः वर आल्या. सोनेरी नळ बघितले. आरसे बघितले, त्यांत माझी चार तोंडं दिसली, चारही वाकडी. मग चित्रं. अंघोळीची वाफ काचेच्या आतल्या बाजूला साचली आहे. मी एक फ्रेम उतरवून मागची पट्टी उचकटली. कागद ओल्या पावासारखा फुगलाय, कडेनं काळी बुरशी धरली आहे आणि आतून कुबट नि तुझ्या लिंबाचा असा एकत्र वास येतो. अंगठ्यावर तुझ्या म्हाताऱ्यानं थापलेला पांढरा पिवळा पडून पोपडे धरतोय. इतकी वर्षं मी आतडी, गाठी, सडकी पानं काढली, माझा हात कधी मागे आला नाही. त्या अंगठ्याला मात्र मला बोट लावता येईना.

वहिनी म्हणाल्या, अहो, ते ह्यांना विचारल्याशिवाय काढू नका. मी फ्रेम होती त्या खिळ्याला परत अडकवली. कारखान्याची वस्तू ना ती. मग हात धुतले, तुझ्याच साबणानं, दुसरा नव्हता.

खाली येताना अक्काच्या दाराशी थांबले. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "बघितलंस?" मी बघितलं म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि परत बाहेर बघायला लागली. तिच्या सख्ख्या बहिणीचे हात वर ओलीत कुजताहेत आणि ही मूग गिळून बसलेली. खरं सांगते, त्या घटकेला मला तुमच्या सगळ्या घराची शिसारी आली, तिच्यासकट.

चित्रं परत दे. सडलेली दे, कापलेली दे, लाल नखांची दे. पण आईचे हात तुमच्याकडे राहायला नकोत.

चिमी


४ मार्च

चिमे,

आता माझंही ऐकून घे. मी हे लिहिणार नव्हतो. तू आईचे हात, आईचे हात म्हणून तीन पत्रं लिहिलीस, मी गप्प बसलो. पण माझ्या अपरोक्ष माझ्या घरात शिरून, माझ्या बायकोसमोर फ्रेमा उचकटून, वर अक्काची शिसारी आली म्हणून लिहितेस, तेव्हा पुरे झालं.

बाराही हात माईचे आहेत असं तू लिहिलंस. पेटी आली त्या दिवशी मी ती माझ्या टेबलावर उघडली. सात माईचे होते. पाच अक्काचे. उजवी करंगळी शेवटच्या पेरात आत वळलेली आहे, लहानपणी मी त्याच करंगळीला धरून रस्ता ओलांडायचो. मला फसवायला निघालीस? माझ्या आईच्या हातावर माईचा डाग रंगवून, तो हात स्वतःच्या आईचा म्हणून खपवलास. मला विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. मी वाट बघितली, चिमी आज सांगेल, उद्या सांगेल. तू डागाची तक्रार लिहून पाठवलीस.

हो, मी निवडून ठेवली. माईचे दिले, अक्काचे ठेवले. आता तुला कळलं. बाथरूममध्ये लावायची कल्पना वहिनीची, पण नको मी म्हटलं नाही. रोज सकाळी दाढी करताना समोर अक्काचे हात दिसतात, मला बरं वाटतं. एवढंच.

डाग पुसला म्हणून रडतेस. त्या पाच चित्रांत तो मुळात नव्हताच. माझ्या म्हाताऱ्यानं पांढरा लावला तेव्हा ते हात खरे झाले. आता तूच सांग, मूळ कुठलं? तुझं की त्याचं?

दादा


१३ मार्च

दादा,

 तुझ्या पत्रात होतं ते सगळं खरं, म्हणून घडलं ते लिहिते.

आई गेली तेव्हा सात चित्रं झाली होती. आठवं अर्धं होतं, मी ते फाडलं. तुझ्या कारखान्याला तारीख दिलेली होती आणि मी महिनाभर कागदाकडे बघू शकले नाही. तेव्हा अक्का एक दिवस दुपारच्या बसनं आली, आईच्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, काढ. सहा आठवडे येत होती. तुला सांगायचं नाही हे तिचंच म्हणणं. म्हणाली, त्याला कळलं तर मला मेळाव्यात स्टेजवर उभी करील आणि कारखान्याची आई म्हणून हार घालील, मला ते सोसणार नाही. तू ते खरंच केलं असतंस, हे तुलाही ठाऊक आहे.

डाग मात्र मी माझ्या मनानं रंगवला. तिनं सांगितला नव्हता. पाचही चित्रांत मी अक्काच्या अंगठ्यावर आईचा डाग ठेवला, म्हणजे भिंतीवर बाराही एका माणसाचे दिसतील. पहिल्यांदा काढला तेव्हा अक्का उठून बघायला आली आणि पाणी मागून प्यायली. मला वाटलं, बहिणीची आठवण आली असेल. तिच्यासमोर बसून मी तिचे हात तिच्यापासून काढून घेत होते हे मला तेव्हा सुचलं नाही. तुझ्या एजंटाच्या बायकोनं आईच्या नखांवर लाल ओतला आणि मी गटारापाशी जाऊन ओकले. मी स्वतः काय केलं होतं? त्या बाईचा रंग निदान वरून लावलेला दिसत तरी होता. तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मला ब्रश हातात धरवला नाही. स्वतःचाच वास येतो.

बाथरूममध्ये ती पाच बघितली तेव्हाच मला कळलं होतं, तू निवडून ठेवली आहेस. मी लिहायचं टाळलं. तेही कबूल.

पण एक विचारते, भांडण म्हणून नाही. रोज सकाळी तुला अक्काचे हात बघून बरं वाटतं म्हणतोस. ती बाथरूमच्या खालच्या खोलीत, जिना उतरला की बसलेली असते. तिथे शेवटचा कधी बसला होतास?

पाच तुझी तू ठेव. वाफेतून बाहेर काढ, एवढंच. सात माझ्या आईची आहेत, ती मिळाली तर मिळाली. ह्यापुढे मी मागणार नाही.

चिमी


३० मार्च

पोरी,

अक्का लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. दादा ती जेवणाच्या टेबलावर टाकून जातो. शेवटचं त्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मधेच थांबला, मग पान माझ्यापुढे ठेवून हात धुवायला गेला. मी ते माझ्या खोलीत नेऊन पुरतं केलं. तू त्या दिवशी दाराशी आलीस तेव्हा मी बोलले नाही, त्याचं कारण खाली लिहिते, आधी कामाचं.

गाडी आणि ड्रायव्हर घेऊन मी एजंटांकडे जाऊन आले. चार दिवस लागले. दुकानात शिरायचं आणि म्हणायचं, हे माझ्या बहिणीचे हात आहेत, न्यायला आले. चौघांनी मुकाट्यानं उतरवून दिले. लाल नखांवाला पितळी पट्टी काढून ठेवा म्हणाला, ती त्याला ठेवली. एकाकडचं पाणी गळून भिजलं होतं, त्यानं ते फेकून दिलंय, माझ्यासमोर हसत सांगितलं. एकजण म्हणाला, साहेब मागतील तेव्हा देईन. मीटिंगच्या खोलीतलं मी स्वतः काढलं. आत माणसं बसली होती, एकानं खुर्ची धरली, मी चढले. दादा टेबलाच्या टोकाला होता.  तेव्हा सातांपैकी पाच पेटीत घालून ह्या पत्राबरोबर पाठवली आहेत, मधे पातळ कागद घालून, आडवी.

बाथरूममधली पाच मी पेटीत घातली नाहीत. ती मी हातात घेऊन येणार आहे. सून म्हणते, दादा आता रिकाम्या खिळ्यांसमोर दाढी करतो. काल माझ्या खोलीत येऊन बसला, पंख्याचं काहीतरी बोलला, मग म्हणाला, त्यातलं एक मला ठेव. मी म्हटलं, मला काय विचारतोस, चिमीला विचार. विचारील की नाही मला माहीत नाही. लिहायला बसलाय एवढं खरं.

आता ते दुसरं. तुला माईनं काय सांगितलं होतं ते तू पहिल्याच पत्रात लिहिलंस. आगाऊपणा करून तिनं आपणहून इस्त्रीवर अंगठा टेकवला. तसं झालं नाही. ती सहा वर्षांची होती, मी अकरा. मी शाळेचा फ्रॉक इस्त्री करत होते आणि तिनं माझी वही ओली केली. मी तिचा हात धरला आणि इस्त्रीवर टेकवला. चटका बसला म्हणून सोडला नाही, मनात आकडे मोजून सोडला. मग घरात सांगितलं, तिनंच हात घातला. आमच्या आईनं तिलाच दोन धपाटे दिले. माईनं मला काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. साठ वर्षं हसत तीच गोष्ट सांगत राहिली, तुला, तुझ्या बाबांना, दादाला, माझ्या तोंडासमोर.  तिचा राग यायचा मला, इतकी चांगली कशाला झालीस म्हणून.

तू माझ्या अंगठ्यावर तो डाग काढलास तेव्हा मी उठून बघितला. मला वाटलं, माईनं तुला खरं सांगितलं असणार, आणि तू न बोलता ते काढलंस. तू लिहितेस की माझे हात माझ्यापासून काढून घेतलेस. काही काढून घेतलं नाहीस. तो आयुष्यात पहिल्यांदा जिथे असायला हवा होता तिथे दिसला. पाणी प्यायले ते त्यासाठी. पुढच्या पाच आठवड्यांत बसनं येताना दर वेळी ठरवायची, आज चिमीला सांगायचं. नाही सांगितलं.

मग दादानं तो आपल्या साबणासाठी पुसून घेतला. माझा स्वच्छ हात बाथरूममध्ये लागला. लोक येऊन बघतात, वा म्हणतात. मला खिडकीपाशी बसून त्याचा इतका वीट आला होता की तू दाराशी आलीस तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं कुणास ठाऊक. तू मला मूग गिळून बसलेली म्हणालीस. साठ वर्षं झाली, पोरी.

मंगळवारी दुपारच्या बसनं येते. खिडकीजवळची खुर्ची हलवली असशील तर परत जागेवर ठेव. पांढरं खरवडत बसू नकोस, कागद सोसणार नाही, त्यावरच काढ. तो डाग परत काढ, पाचही चित्रांत, माझ्याच अंगठ्यावर.

अक्का